घरातला श्रोता

साधारण शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. जळगावच्या चौधरींच्या घरात शाळेत जाणारा एक मुलगा पाठ्यपुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट आईला वाचून दाखवत होता. आईला अक्षरओळख नव्हती. सकाळ झाली तोवर त्या गोष्टीचं तिनं गाणं रचलेलं होतं. मुलगा थक्क झाला आणि त्यानं ते गाणं तिथल्या तिथं वहीत उतरवून घेतलं. मुलाचं नाव सोपानदेव, आईचं बहिणाबाई.

पुढची हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे. सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ ही गाणी टिपत राहिले. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या, त्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं. या हकीकतीत सगळ्यांचं लक्ष कवयित्रीकडे जातं, आणि ते साहजिकच आहे. पण आजच्या विषयापुरतं थोडं त्या मुलाकडेही पाहायला हवं. पोरगा मोठ्यानं वाचतोय. समोरच्या माणसाला पुस्तकात डोकावून चूक काढता येत नाही, अवघड शब्दाचा अर्थ सांगता येत नाही, गुण देता येत नाहीत. ती फक्त ऐकते. पण असं ऐकते, की रात्रभर ती गोष्ट तिच्या डोक्यातून जात नाही. आपण वाचलेल्या ओळींचं कुणाच्या मनात एवढं काही होऊ शकतं, हे ज्या मुलानं घरातच पाहिलं, त्याला वाचनाचं महत्त्व वेगळं कशाला पटवून द्यावं लागेल? सोपानदेव पुढे स्वतः कवी झाले.

ज्यांच्या स्मृतीसाठी आज ही सभा जमली आहे, ते साने गुरुजी याच खानदेशात मास्तर होते. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये आले, सहा वर्षं शिकवलं, आणि तिथल्या छात्रालयात घरापासून दूर राहणाऱ्या पोरांची आई झाले. त्यांच्या कपड्यांच्या घड्या, अंथरुणं, आजारपणं हे सगळं त्यांनी केलंच. पण आणखी एक काम केलं, ज्याची आठवण कमी काढली जाते. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हातानं लिहून काढत. रोज. पोरं सकाळी उठली की वाचायला काहीतरी ताजं, त्यांच्याचसाठी लिहिलेलं, ओळखीच्या अक्षरातलं समोर असे. घर म्हणजे काय, याची गुरुजींची कल्पना यातून कळते: जिथं जेवण असतं, पांघरूण असतं आणि वाचायलाही काही असतं, ते घर.

‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली. या पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. बेचाळीस रात्री. संध्याकाळची प्रार्थना झाली की श्याम बोलू लागतो आणि भोवती मित्र बसतात. गोष्ट ऐकायला कुणीतरी बसलेलं असणं, हा त्या पुस्तकाचा सांगाडाच आहे. नव्वद वर्षांत महाराष्ट्रातल्या किती घरांत हे पुस्तक मोठ्यानं वाचलं गेलं असेल आणि वाचणाऱ्याचा आवाज कुठल्या रात्रीपाशी कापरा झाला असेल, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

प्राथमिक शाळेतल्या मुलांनी घरी, घरच्यांसोबत वाचावं, हा विषय निघाला की पालकांचं उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. आम्ही फार शिकलेलो नाही, आम्हाला कुठं शिकवता येतं. ते बाईंचं काम. हे उत्तर आळसातून येत नाही. संकोचातून येतं. शाळेच्या दारात चप्पल काढून, मान खाली घालून उभे राहिलेले आईबाप ज्यांनी पाहिलेत, त्यांना हा संकोच ओळखता येतो. आजचं सगळं बोलणं त्या संकोचाशी आहे.

आधी परिस्थिती काय आहे ते पाहू. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकारानं २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी होते. तिचं वैशिष्ट्य असं, की ती शाळेत होत नाही, घरोघरी होते. स्वयंसेवक गावात जातो, घराच्या ओट्यावर बसतो आणि मुलाच्या हातात एक कागद देतो. त्यावर अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक लहानशी गोष्ट असते. मूल यातलं कुठपर्यंत वाचतं, एवढंच टिपायचं. २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधली तिसरीची फक्त २३.४ टक्के मुलं ती दुसरीची गोष्ट वाचू शकली. २०१८ मध्ये हा आकडा २०.९ होता, कोरोनानंतर २०२२ मध्ये तो १६.३ पर्यंत घसरला होता. म्हणजे शिक्षकांनी घसरलेली गाडी ओढून वर आणली आणि आधीच्यापेक्षा थोडी पुढेही नेली. त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. तरीही तिसरीतल्या चारांपैकी तीन मुलांना अजून गोष्ट वाचता येत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं ‘निपुण भारत’ सुरू केलं, ते याचसाठी. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, असं त्याचं लक्ष्य आहे, आणि त्याची मुदत २०२६-२७.

या आकड्यांपेक्षा त्या ओट्यावरचं दृश्य जास्त बोलकं असतं. मुलाच्या हातात कागद आला की घरातली माणसं गोळा होतात. आजी दारात येते, चुलतभाऊ मागून डोकावतो, आई हात पुसत बाहेर येते. आपलं पोर वाचतंय हे बघायला सगळं घर जमतं. कित्येक घरांत हे पहिल्यांदाच घडत असतं. शाळेत जायला लागून तीन वर्षं झाली, पण पोराचा वाचण्याचा आवाज घरानं ऐकलेला नाही.

मराठी वाचताना लहान मूल नक्की कुठं अडतं, तेही पाहायला हवं. बाराखडी पाठ असली म्हणजे वाचता येतं असं नाही. ‘भोपळ्यात’ हा शब्द घ्या. भ ला काना-मात्रा, मग प, मग अर्ध्या ळ ला जोडलेला या, मग त. दुसरीतलं मूल एकेक अक्षर बोटानं चाचपत जातं, ‘भो-प-ळ-या-त’ म्हणतं आणि थांबतं, कारण असा शब्द त्यानं ऐकलेला नसतो. तो शब्द तर रोजच्या बोलण्यातला आहे! पण तुकडे जोडून बोलण्यातला शब्द तयार व्हायला मुलाला थोडा वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्याच्यासाठी थांबणारं कुणीतरी लागतं. त्यात मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी. काय झालं ते वाक्य संपता संपता कळतं. चाचपडत वाचणारं मूल शेवटच्या शब्दापर्यंत पोचतं तेव्हा वाक्य कुणाबद्दल होतं हेच विसरलेलं असतं. म्हणून वेग हवा, आणि वेग येतो तो फक्त पुन्हा पुन्हा वाचण्यानं. पन्नास-साठ मुलांच्या, किंवा चार इयत्ता एकाच खोलीत बसलेल्या द्विशिक्षकी शाळेत, प्रत्येक मुलाचं मोठ्यानं वाचलेलं रोज दहा मिनिटं ऐकायचं ठरवलं तर शिक्षकाचा अख्खा दिवस त्यातच जाईल. हे गणित कितीही मांडलं तरी शाळेच्या वेळात बसत नाही.

घरात ते सहज बसतं.

असं एखादं घर डोळ्यांसमोर आणावं. दिवेलागण झालीय. आजी सुपात तांदूळ घेऊन खडे निवडतेय. दुसरीतली नात शेजारी बसून म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट वाचतेय. आजीला वाचता येत नाही, पण ही गोष्ट तिला तिच्या आजीनं सांगितलेली आहे. नात ‘भोपळयात’ अशी अडखळली, की सुपातली नजर न काढता आजी म्हणते, “भोपळ्यात गं. भोपळ्यात बसली ना म्हातारी.” नात पुन्हा अक्षरांकडे बघते आणि या खेपेला तिला ‘ळ्या’ दिसतो. शाळेत बाई फळ्यावर जोडाक्षर समजावतात तेव्हा जे घडतं, तेच इथं घडलंय. शिकवणारीला अक्षर येत नाही, एवढाच फरक. मग आजी म्हणते, आमच्याकडं वाघ नव्हता, लांडगा होता. नात म्हणते, पुस्तकात वाघच आहे. दोघी भांडतात. पुस्तकातलं आणि तोंडी आलेलं यांत फरक असू शकतो, गोष्ट सांगणारा ती बदलू शकतो, हे साहित्याचं मोठंच ज्ञान त्या पोरीला खडे निवडून व्हायच्या आत मिळालेलं असतं.

निरक्षर माणसानं ऐकून खरंच काही फरक पडतो का, याची रीतसर तपासणी झालेली आहे, आणि ती सांगण्यासारखी आहे. लंडनमध्ये हॅरिंगे नावाचा भाग आहे, कष्टकऱ्यांचा आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांचा. १९७० च्या दशकात जॅक टिझार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या प्राथमिक शाळांमध्ये दोन वर्षं एक प्रयोग केला. काही वर्गांतल्या मुलांना शाळेतून नियमितपणे पुस्तक घरी दिलं जाई आणि पालकांना एवढंच सांगितलेलं असे, की मुलाला तुमच्यापुढं मोठ्यानं वाचू द्या. संशोधक अधूनमधून घरी जात, कसं चाललंय ते पाहत, चार गोष्टी सुचवत. दुसऱ्या काही शाळांमध्ये मुलांना जादा वाचन शिकवायला अनुभवी शिक्षक नेमला. तिसरा गट नेहमीसारखाच चालू राहिला.

१९८२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा शिक्षणक्षेत्रातल्या भल्याभल्यांना नीट बसून विचार करावा लागला. घरी वाचणाऱ्या मुलांचं वाचन ठळकपणे सुधारलं होतं. जादा शिक्षक मिळालेल्या मुलांमध्ये तशी सुधारणा दिसली नाही. आणि या पालकांपैकी काहींना इंग्रजी वाचता येत नव्हतं, काहींना तर बोलताही धड येत नव्हतं. तरी त्यांच्या मुलांना फायदा झाला. बहुतेक सगळ्या घरांनी दोन वर्षं मुलांचं ऐकणं टिकवलं, हेही महत्त्वाचं. गरीब, कामानं थकलेले पालक मुलांकडे लक्ष देत नाहीत, हा समज त्या घरांनी खोटा ठरवला.

यात जादू कसलीही नाही. रोज कुणासाठी तरी वाचायचं आहे म्हणून मूल वाचतं. वाचत राहिल्यानं वेग येतो, वेग आल्यावर अर्थ लागतो, अर्थ लागला की पुढं काय होतं ते जाणून घ्यावंसं वाटतं. या साखळीची पहिली कडी म्हणजे समोर बसलेलं माणूस. पुस्तक दुसरी कडी आहे.

मराठी घरांना हे नवं नाही. श्रावणात घरोघरी पोथी लागायची. चौरंगावर पोथी, शेजारी निरांजन, आणि वाचायला बहुतेक वेळा घरातलं शाळेत जाणारं पोर, कारण अक्षर त्यालाच येत असायचं. श्रीधरस्वामींची ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’, ‘शिवलीलामृत’ ही पुस्तकं अठराव्या शतकाच्या आरंभी रचली गेली आणि पुढची अडीचशे वर्षं ती अशा आवाजांतून गावोगाव पोचली. ऐकणाऱ्यांत आजी असायची, शेजारच्या काकू असायच्या, कामावरून आलेला गडी उंबऱ्याबाहेर टेकायचा. पोरगं चुकलं तर कुणीतरी दुरुस्त करायचं, कारण ओव्या कानांत बसलेल्या. अध्याय संपेपर्यंत उठायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, आणि संपल्यावर वाचणाऱ्याच्या हातावर आधी प्रसाद. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला अख्ख्या घरात एवढा मान दुसऱ्या कुठल्या कामाचा मिळत होता? अकराव्या अध्यायापर्यंत येईतो त्याचं वाचन असं सुटायचं, की शाळेतल्या मास्तरांनाही नवल वाटायचं. धर्माचा भाग ज्याचा त्यानं ठरवावा. पण रोज ठरलेल्या वेळी एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी मन लावून ऐकायचं, ही रीत पोथीबरोबर सोडून द्यायचं काही कारण नव्हतं.

अर्थात जुन्या घरांचं सगळंच गोड नव्हतं. ही पोथी वाचायला मुलगा बसायचा, मुलगी क्वचित. न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना लग्नानंतर घरीच लिहायला-वाचायला शिकवायला घेतलं, तेव्हा घरातल्या बायकांनी त्यांना किती टोमणे मारले, ते १९१० साली आलेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’मध्ये रमाबाईंनी लिहून ठेवलं आहे. त्याउलट पंडिता रमाबाईंचं घर. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला आणि सह्याद्रीच्या रानात, गंगामुळापाशी, जाऊन राहिले. आई लक्ष्मीबाई दिवसभराच्या कामाच्या आधी, पहाटे, लेकीला जवळ घेऊन पाठ देत. शाळा नाही, गाव नाही, पण आईचा आवाज होता. त्या आवाजानं भारतातली एक थोर विदुषी घडवली.

आणि शिकण्याची दिशा उलटही असू शकते. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू केली. साठीच्या पुढच्या बायका, गुलाबी लुगडी, खांद्याला दप्तर, हातात पाटी. गावातल्या म्हाताऱ्या बायकांना पोथी स्वतः वाचायची इच्छा होती, तिथून ही शाळा निघाली असं सांगतात. जगभरच्या छायाचित्रकारांनी या आज्यांचे फोटो काढले. पण या शाळेतला लोभस भाग फोटोत नाही आला: घरी गेल्यावर नातवंडं आजीचा अभ्यास घेतात. ज्या पोराला शाळेत कुणी विचारत नाही, ते घरी आजीचं मास्तर होतं. ‘अ’ ची दांडी कुठून ओढायची ते सांगताना त्याचं स्वतःचं अक्षर पक्कं होतं. असं एखादं घर वाचू लागलं तर आजी शिकली की नातू शिकला, हा हिशोब करत बसायची गरजच उरत नाही.

हे सगळं बिघडवायचं असेल तर एक खात्रीचा उपाय आहे. घरच्या वाचनाचा गृहपाठ करून टाकायचा. वाचनाची वही, वहीवर पालकांची सही, किती पानं झाली त्याचा तक्ता, महिन्याला बक्षीस, आणि वाचतानाचा फोटो गटावर टाकायचा. शिक्षकांचा हेतू चांगला असतो, त्यांच्यावर वरून अहवालाचा दाब असतो, हेही समजण्यासारखं आहे. पण फोटोसाठी पुस्तक उघडलं की मूल वाचणं थांबवून कॅमेऱ्याकडे बघतं. पालकांकडूनही एक चूक फार प्रेमापोटी होते. प्रत्येक वाक्याला अडवून ‘याचा अर्थ काय, सांग’ असं विचारणं. गोष्ट रंगात आलेली असते, वाघ दारात उभा असतो, आणि बाबा समानार्थी शब्द विचारतात. उद्या ते मूल पुस्तक घेऊन येत नाही. विचारायचंच असेल तर वाघ खरंच म्हातारीला खाईल का, हे विचारावं. ज्या प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्यालाही हवं असतं, तो प्रश्न मुलाला लगेच ओळखता येतो.

शहरांत अडचण वेगळी आहे. मूल इंग्रजी माध्यमात, त्याच्या हातात इंग्रजी गोष्टींची पुस्तकं, आणि घरात आजी-आजोबा मराठी. पुस्तक घरच्या भाषेच्या पलीकडे गेलं की घरातला सगळ्यात निवांत श्रोता बाद होतो. आई-बाबा रात्री नऊला घरी येतात, आजी दिवसभर घरात असते, आणि वाचनाच्या वेळी तीच ‘मला नाही बाई कळत’ म्हणत उठून जाते. इंग्रजी शिकायला कुणाचीच ना नाही. पण एक मराठी पुस्तक रोज आजीच्या वाट्याचं असावं, यात मुलाचं इंग्रजीही बुडत नाही. एका भाषेत सुटलेलं वाचन दुसऱ्या भाषेला हातभारच लावतं. परदेशातल्या मराठी मंडळांच्या सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या शाळांमध्ये शिकणारी मुलं व्हिडिओ कॉलवर सांगली-साताऱ्याच्या आजीला धडा वाचून दाखवतात. आजी ऐकते, मध्येच रडते, पुन्हा वाचायला सांगते.

याच्या नेमकं उलट टोक नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीकडे दिसतं. तिथं घरी पावरी, कोरकू, गोंडी बोलतात आणि पुस्तक प्रमाण मराठीत. मुलाला दोन डोंगर एकदम चढायचे असतात: अक्षरांचा आणि भाषेचा. या घरांतल्या पालकांना सांगावं, की पोराला पुस्तकातलं वाचू द्या आणि तुम्ही तेच आपल्या बोलीत परत सांगा. बोलीत सांगितलेली गोष्ट मागे राहिलेल्या पोराचं ओझं नसते, त्याच्या हातातली काठी असते. बहिणाबाईंनी तरी काय केलं होतं? पाठ्यपुस्तकाच्या मराठीत ऐकलेली सावित्री त्यांनी आपल्या लेवा बोलीत गायली.

पुस्तकांचं काय, हा प्रश्न येतोच. पन्नास वर्षांपूर्वी तो खरोखर मोठा होता. आता तेवढा नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ मध्ये सुरू झालं आणि त्याचे जुने अंक मोबाइलवर फुकट उघडता येतात. ज्या अंकांसाठी आजच्या आजोबांनी पोस्टमनची वाट पाहिली, तेच अंक नातवाबरोबर वाचता येतील. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ सुरू केलं. तिथं मराठीसह अनेक भाषांतल्या सचित्र गोष्टी मोफत आहेत, आणि त्या वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या असल्यानं कुठून सुरुवात करायची तेही कळतं. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’सारखी पुस्तकं तर घरातल्या माणसांबद्दलच आहेत. मुलगी वाचत असते आणि ऐकणारी आजी तिच्यात स्वतःला शोधत असते. महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे आणि हजारो सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी बालविभाग म्हणजे एक कपाट असतं, पण कपाट असतं. पाचगणीजवळच्या भिलारमध्ये मे २०१७ पासून लोकांनी आपल्या घरांत पुस्तकांसाठी खोल्या दिल्या आणि स्ट्रॉबेरीचं गाव पुस्तकांचं गाव झालं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं, तेव्हा पेट्या भरभरून पुस्तकं वाचकांच्या वस्तीत गेली, पुढे परदेशातही पोचली. पुस्तक माणसापर्यंत नेता येतं, हे महाराष्ट्रानं करून दाखवलेलं आहे.

फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन यांनी मुलांना वाचतं करण्याचं काम अनेक वर्षं केलं. अमेरिकेतून आलेल्या या बाईंनी मराठी आपली केली, भारताचं नागरिकत्व घेतलं, १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि त्यानंतर कमला निंबकर बालभवन उभं केलं. मुळात त्या आल्या होत्या फलटणची बोली अभ्यासायला. शाळेबाहेर राहिलेली, मागासलेली म्हणून सोडून दिलेली मुलं त्यांनी संध्याकाळी जवळ बसवली आणि वाचायला शिकवली. लहान मुलानं अर्थासह वाचावं, त्याला वाचायला रस वाटेल असं काही हातात असावं, हा त्यांचा आग्रह. मराठी वाचन शिकवण्याबद्दल ज्यांना खोलात जायचं आहे, त्यांना फलटणची वाट धरावी लागते.

आता एक प्रश्न उरतो, आणि तो टाळून हे व्याख्यान संपवणं बरोबर होणार नाही. घरी वाचा, असं ज्यांना सांगायचं त्यांना घर असतं का? दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पांघरुणं, शेळी, कोंबड्या आणि पोरं. फडाजवळ कोप्या उभ्या राहतात. पहाटे अंधारात तोड सुरू होते, मोळ्या बांधणं, गाडी भरणं रात्रीपर्यंत चालतं. सहा महिने हेच. साखरशाळा झाल्या, गावात हंगामी वसतिगृहं झाली, आजी-आजोबांजवळ मागं ठेवलेल्या मुलांची शाळा त्यामुळे टिकली. तरी दरवर्षी पुष्कळ मुलं जातातच, आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा वाचणं मागं सरकलेलं असतं.

या मुलांच्या बाबतीत एक साधी गोष्ट करता येण्यासारखी आहे. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांत गोष्टींच्या पुस्तकांचा एखादा संच असतो, आणि कित्येक ठिकाणी तो कपाटात कुलपात असतो. कारण डेड स्टॉक रजिस्टर. पुस्तक हरवलं, फाटलं, तर तपासणीत जाब द्यावा लागतो, म्हणून ते बाहेरच येत नाही. वीस वर्षांनी ते कोरं करकरीत निघतं आणि तेवढ्या वेळात वर्गाच्या वर्ग त्याला हात न लावता पाचवीत निघून गेलेले असतात. शिक्षण खात्यातल्या साहेबांनी एक लेखी आदेश काढावा, की मुलांच्या हाताळण्यानं फाटलेलं पुस्तक शिक्षकाच्या नावावर लागणार नाही. मग ऑक्टोबरात गाडी भरताना बाईंना ऊसतोडीला निघालेल्या एखाद्या मुलीच्या पिशवीत तीन-चार पुस्तकं बिनधास्त घालता येतील आणि तिच्या आईला सांगता येईल, की रात्री भाकरी टाकताना हिला म्हणावं वाच, तुम्ही नुसतं ऐका.

चुलीच्या उजेडात, कोपीच्या दाराशी, ती वाचेल. आई दमलेली असेल, एखाद्या रात्री ऐकता ऐकता डोळा लागेल तिचा. शेजारच्या कोपीतली पोरं येऊन बसतील. एप्रिलमध्ये पुस्तकं परत येतील तेव्हा त्यांची मुखपृष्ठं निघालेली असतील, पानांवर पिठाची बोटं आणि उसाच्या रसाचे डाग असतील, आणि एखादं पुस्तक आलेलंच नसेल, कारण ते शेवटच्या फडावर दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मैत्रिणीकडे राहिलेलं असेल. रजिस्टरात त्या नोंदीपुढं काय लिहायचं, हे त्या शाळेच्या बाईंना कुणी शिकवावं लागणार नाही.